न उलटलेलं पान

काळी उभी रेघ लुकलुकत होती, लागत होती, विझत होती... फोनच्या पांढऱ्या पडद्यावर, अगदी शेवटच्या शब्दापुढं. आणि त्या शेवटच्या शब्दात तर काहीच राम नव्हता, 'तर' एवढाच तो शब्द होता. मॅडम 'तर' म्हणून थांबल्या असणार, पाणी पीत असणार, नाहीतर खिडकीबाहेर बघत असणार. तिनं वर पाहिलं नाही. वर कधी पाहायचं हे तिचं ठरलेलं असे. बाकीच्यांची पेनं थांबली की पाहायचं. पडद्यावर चौकोनी कंसात 'हशा' उमटलं की हसायचं, जरा उशिरा का होईना. तो उशीर लोकांनी तिच्या स्वभावात जमा करून टाकला होता. विचार करून हसते, म्हणायचे. खोल आहे, म्हणायचे. खोल कसली डोंबलाची!

फोन जाड पुस्तकाच्या पोटात उभा केलेला, पुस्तक बाकावर उघडं, डावा हात पानावर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की ही मुलगी वर्गात संदर्भग्रंथ घेऊन बसणाऱ्यांपैकी आहे. केस कानांवरून खाली सोडलेले, कितीही उकडलं तरी. कानांमागची यंत्रं जवळच्या एका माणसाचं बोलणं बऱ्यापैकी पोचवायची, तेही त्याचं तोंड दिसत असेल तर. पण सगळा वर्ग एकमेकांत बोलायला लागला की नुसता कालवा... समाजकार्याच्या वर्गात तर माणसं बोलतच असतात. बोलणं हाच तिथं अभ्यास.

म्हणून मागच्या बाकावरच्या ताई. मांडीवर टाइप करायचा छोटा टंकफलक, मान किंचित कललेली, आणि वर्गात जे जे बोललं जाईल ते त्यांच्या बोटांतून निघून क्षणभरात तिच्या पुस्तकातल्या फोनवर. विद्यापीठाच्या साहाय्य केंद्रानं दिलेल्या ताई. पहिल्याच भेटीत त्यांनी आपली पद्धत सांगून टाकली होती, "ऐकू येणाऱ्याला जेवढं ऐकू येतं तेवढं सगळं तुम्हाला मिळालं पाहिजे. दार वाजलं, कुणी मागून कुजबुजलं, तेसुद्धा. काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे ठरवणारी मी कोण?" आणि तिनं आपली अट सांगितली होती, खाली बघत, नखानं टेबल खरवडत. "वर्गात आपण एकमेकींना ओळखत नाही."

"बरं," ताई म्हणाल्या होत्या. त्या 'बरं'मध्ये ना राग होता, ना लोभ. तिला आपली सुटका झाल्यासारखं वाटलं होतं.

केंद्राबद्दल विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आख्खं पान आहे. समुपदेशन आहे, फीची अडचण आली तर तात्पुरती सोय आहे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लेखनिक, ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवणारे, मागं पडलेल्यांना शिकवणारे, घर सोडून आल्यावर झोप उडालेल्यांचं ऐकून घेणारे... वाचताना वाटावं, की माणसानं इथं येताना अडचण तेवढी बरोबर आणायची, बाकी सगळं इथं मिळतं. ती ते पान कितीतरी दिवस दुसऱ्याच कुणासाठी छापल्यासारखं वाचत आली होती. मग एका विषयात आपटली, आणि केंद्रात गेली. केंद्राच्या बाहेर एक बाक आहे. त्यावर बसलेल्यांपैकी कुणीही कुणाकडं बघत नाही. सगळे समोरचा सूचनाफलक वाचत असतात, जसे काही वसतिगृहाची चौकशी करायला आलेत. एक जण तर आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना मन लावून वाचत होता. ती त्याच्या शेजारी बसली, आणि तिनंही त्या वाचल्या. त्या तिला अजून पाठ आहेत.

घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? बाबांचेही कान असेच गेले, हळूहळू, कुणाच्या लक्षात येऊ न देता. जेवताना ते सगळ्यांच्या बोलण्यावर हसतमुखानं मान हलवत राहायचे, आणि आई म्हणायची, यांना काही सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. आम्ही भावंडं खिदळायचो. मीसुद्धा — मी सगळ्यांत जास्त, मला त्यांची नक्कल छान जमायची. आता ती नक्कल करावी लागत नाही. चेहरा आपोआपच तसा होतो, वसतिगृहातल्या आरशात एकदा तिनं तो पाहिला, मैत्रिणी मागं गप्पा मारत असताना, आणि दात घासायचे सोडून तशीच उभी राहिली.

रेघ पुढं सरकली.

'वकील : मॅडम, एक विचारू का? जरा वेगळं आहे.'

वकील म्हणजे वर्गातला तो उंच मुलगा, ज्याला कशावरही वाद घालता येतो. नाव सगळ्या वर्गानं ठेवलेलं, आणि ताईंनी ते तसंच उचललेलं. प्रत्येकाला त्यांनी असं काही ना काही दिलं होतं, कुणी 'चष्मा', कुणी 'खोकला'. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण 'शेजारीण'. आणि ती स्वतः कधी बोलली, तर तिच्या वाक्याच्या आधी लिहिलेलं यायचं, 'तुम्ही'.

'वकील : मागच्या बाकावर ज्या बाई बसतात, त्या कोण?'

ती दचकली नाही. म्हणजे बाहेरून दचकली नाही. आत काहीतरी पायरी चुकल्यासारखं खाली गेलं. आणि ताईंनी — हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं — ताईंनी स्वतःबद्दलचं हे वाक्यसुद्धा त्याच वेगानं लिहिलं होतं, एक अक्षर न चुकता.

'मॅडम : विद्यापीठाच्या परवानगीनंच बसतात त्या. याहून जास्त मला सांगता येणार नाही.'

'वकील : पण मॅडम, संमतीचं तुम्हीच तर शिकवलंत. समोरच्याला न विचारता त्याचा शब्द लिहून घ्यायचा नाही. मग आमची संमती कुणी घेतली?'

'[वर्गात चुळबुळ]'

मग बाक हलला. शेजारीण उठून उभी राहिली होती. तिचं बोलणं जवळून कानातही येत होतं, तुटक तुटक, आणि पडद्यावरही, सलग, त्यामुळं ते दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा लागलं.

'शेजारीण : मागच्या वेळी सरावाच्या मुलाखतीत मी माझ्या भावाचं सांगितलं. तो खोलीतून बाहेर येत नाही ते. मी आईशीसुद्धा असं कधी बोलले नाही. आणि तेव्हा यांची बोटं चालली होती. मी पाहिलं. मी बोलायचं थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही, मला वाटलं असेल काही... आता मला रोज वाटतं, ते कुठं गेलं असेल?'

माझ्याकडं आलं. ते इथं, या पुस्तकात आलं, बाई गं, दुसरीकडं कुठंही नाही गेलं. तू रडायला लागलीस तेव्हा मी तुझ्या पाठीवर हात ठेवला, तो अगदी योग्य वेळी ठेवला, आणि तू म्हणालीस तू किती लक्ष देऊन ऐकतेस... एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर सगळं तिथल्या तिथं मिटलं असतं. साधं वाक्य. यांना मी बसवलंय. ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, गेलं वर्षभर तयार होतं, आणि तिनं ते कधी बाहेर काढलं नव्हतं, कारण त्याच्यामागोमाग वर्ग तिच्याशी मोठ्यानं, तोंड फाकवून, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला असता, बाबांशी आम्ही बोलायचो तसा.

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. फक्त क्षणभर. मॅडमना माहीत होतं. बोलायची मात्र बंदी होती.

शेजारणीनंही पाहिलं. खाली वाकून, चेहरा समोर आणून तिनं विचारलं, म्हणून ते नीट कळलं. "तू बोलत होतीस ना परवा यांच्याशी? जिन्यात? ओळखतेस तू यांना?"

"नाही," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढं म्हणाली, "रस्ता विचारत होत्या. मी नाही ओळखत त्यांना."

बोलून झाल्यावर तिची नजर सवयीनं खाली गेली. क्षणभर पडदा कोरा होता. मग अक्षरं आली.

'तुम्ही : नाही. रस्ता विचारत होत्या. मी नाही ओळखत त्यांना.'

पूर्णविरामासकट. जागच्या जागी. तिला वाटलं होतं काय, त्या एवढं वाक्य गाळतील? ऐकू येणाऱ्याला जेवढं ऐकू येतं तेवढं सगळं... मान गरम झाली, मग कान, ते निकामी कान सगळ्यांत जास्त. तिला आयुष्यात अनेकदा लाज वाटली होती, मान हलवून भलत्यालाच हो म्हटल्याची, दुकानदारानं तीच गोष्ट तिसऱ्यांदा ओरडून सांगितल्याची. पण त्या लाजा कशा, अंगावर कुणीतरी उडवलेल्या चिखलासारख्या होत्या. हा चिखल तिनं स्वतः हातात घेतला होता. आणि ज्यांच्यावर उडवला त्यांनी तो निमूटपणे टिपून तिच्यापुढं ठेवला होता, 'तुम्ही' म्हणून, आदरानं.

खाली आणखी एक ओळ आली.

'[हे फक्त तुमच्यासाठी. मी थांबू की जाऊ? तुम्ही म्हणाल तसं. थांबायला हवी असेन तर पान उलटा.]'

पान तिच्या डाव्या हाताखाली होतं. उलटायला काही लागत नाही. अंगठा जरा उचलायचा, कोपरा धरायचा, कुणाच्या लक्षातही आलं नसतं, वर्गात माणसं पानं उलटतातच. तिनं मनात ते उलटलं. दोनदा उलटलं. मग तिच्या मनात आलं की आता त्या थांबल्या तर वकील पुन्हा विचारेल, शेजारीण पुन्हा वाकून पाहील, आणि आज जर त्या उठून गेल्या तर निदान आजचा दिवस... निदान हा तास... हात पानावरच राहिला. तो जड झाला नव्हता, बधिर झाला नव्हता, असलं काहीही झालं नव्हतं. तिनं तो ठेवला होता. मीच ठेवला होता.

फरशीतून मागचा बाक सरकल्याची थरथर पायांना कळली. कडेनं कापडी पिशवी गेली, निळी साडी गेली, दार उघडलं, मिटलं. त्या मॅडमना काहीतरी म्हणाल्या असाव्यात, कारण मॅडमनी मान हलवली. फोनवर 'जोडणी थांबली' असं आलं आणि रेघ गेली.

मग उरलेला तास. तोंडं उघडत होती, मिटत होती, हातवारे होत होते, कुणी फळ्यावर काही लिहिलं ते तिनं वहीत उतरवून घेतलं, सगळे हसले तेव्हा ती हसली, जरा लवकरच. वर्ग हलका झालेला दिसत होता. वकील तर बाकावर मागं रेलून बसला होता, त्याचंही काय चुकलं होतं? त्याला जे शिकवलं होतं तेच तो बोलला. शेजारणीनं तोंडावर रुमाल धरून तिला काहीतरी विचारलं, डोळे अजून ओले होते, आणि अशा डोळ्यांना 'काय म्हणालीस' असं कोण विचारणार? तिनं मान हलवली. पुन्हा काही विचारलं, तिनं पुन्हा हलवली, आणि शेजारणीनं तिचा हात घट्ट दाबला.

तास संपल्यावर जिन्यात शेजारणीनं तिला गाठलं. "चल. तू येते म्हणालीस म्हणून, नाहीतर एकटीनं जायचं मला धाडस नसतं झालं."

कुठं, हे विचारायची सोय नव्हती. आपण हो म्हटलेलं आपल्यालाच कसं विचारणार? ती बरोबर चालायला लागली. ग्रंथालयावरून पुढं गेल्या, उपाहारगृहावरून गेल्या, आणि डाकघराजवळ शेजारीण डावीकडं वळली तेव्हा तिला कळलं. डावीकडं एकच इमारत होती. तिचे पाय जरा मागं राहिले. शेजारीण वळून म्हणाली, "त्या बाई इथंच शिरताना दिसल्या होत्या मला. मी भांडणार नाहीये. फक्त विचारणार. तू साक्षीला उभी राहा, एवढंच."

साक्षीला! हसू यावं अशी गोष्ट होती. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडली असती तर ती हसलीही असती, वेळेवर.

केंद्राच्या खिडकीतली बाई तिला चांगली ओळखायची. गेल्याच आठवड्यात तिनं स्वतःच्या पर्समधून सुई काढून तिच्या यंत्राची नळी साफ करून दिली होती, आणि आपल्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या होत्या, मुद्दाम तोंड समोर ठेवून. आता त्या बाईनं दोघींकडं पाहिलं आणि परक्या सभ्यपणानं विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?"

इथली पद्धतच तशी होती. बरोबर कुणी असेल तर ओळख दाखवायची नाही. पद्धत चांगली होती, तिच्यासारख्यांसाठीच होती, आणि आजपर्यंत तिला तिचा किती आधार वाटला होता. आज वाटलं, इथली सगळी भली माणसं माझ्यासाठी किती खोटं बोलतात... दिवसभर. न थकता. आणि मला त्याची सवय झाली.

"हो," शेजारीण म्हणाली. "आम्हाला एका बाईंबद्दल बोलायचंय."

आणि तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून ताईच बाहेर आल्या. खांद्याला पिशवी, हातात रिकामा डबा, धुवायला निघाल्या असाव्यात. दोघींना पाहून त्या थांबल्या. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून गेली, भिंतीवरून जावी तशी, आणि शेजारणीवर येऊन ठरली. इतकं अचूक अनोळखी होणं तिला आयुष्यात कधी जमलं नसतं.

इथं शांत होतं, ताईंचा चेहरा उजेडात होता, म्हणून त्यांचं बोलणं तिला मिळत होतं. शेजारणीचं मात्र मिळत नव्हतं, ती पाठमोरी होती. खांदे दिसत होते. खांदे हलत होते.

"ते मला सांगता येणार नाही," ताई म्हणाल्या. मग थोडं ऐकून, "तक्रार करा ना, जरूर करा. तुमचा हक्कच आहे तो." मग बराच वेळ ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "नाही हो. ते कुठंही जात नाही. वर्ग सुटला की मी सगळं पुसते. तुमच्या भावाचंसुद्धा त्याच दिवशी पुसलं. माझ्यापुरतं विचाराल, तर मला ते आठवतं, हे खरं. ते कसं पुसू?"

शेजारणीनं डोळे पुसले. काही विचारलं. ताईंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. आणखी काही विचारलं, पुन्हा नाही. म्हणजे कुणासाठी बसता, नाव सांगा, असलं काहीतरी असणार, आणि त्या सांगत नव्हत्या. एक शब्द त्यांनी म्हटला असता तर त्यांची मान सुटली असती. त्या तक्रार ओढवून घेत होत्या, कदाचित वर्गही जाणार होता हातचा, आणि डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत शांतपणे उभ्या होत्या. तिला वाटलं, यांनी मला आत्ता ओळख दाखवली असती तर बरं झालं असतं. रागानं दाखवली असती तरी. दुसऱ्याच क्षणी कळलं की हेसुद्धा मी त्यांच्यावरच ढकलतेय.

बहिरी आहे मी. मनातल्या मनात तिनं तो शब्द उच्चारून पाहिला. त्यात एवढं काही नव्हतं. आज दुपारनंतर तो अगदीच किरकोळ वाटत होता. त्याच्याहून वाईट शब्द तिच्यासाठी आता होता, आणि तो तिच्या कानांमुळं तिला चिकटला नव्हता.

शेजारीण गर्रकन तिच्याकडं वळली. उजेडाची खिडकी तिच्या मागं होती, तोंडावर काळोखी आली होती, ओठ हलले पण कळले नाहीत. प्रश्न होता, एवढं खरं. भुवया वर गेल्या होत्या. मग ती वाट पाहायला लागली. खिडकीतली बाईही हातातलं काम थांबवून बघत होती.

मान तयार होती. नेहमीसारखी, किंचित खाली, मग वर, ओठांवर ते समजूतदार हसू, झालं. तिनं ती कशीबशी ताठ धरली. ताईंनी प्रश्न ऐकला होता. त्यांना तो पुन्हा सांगता आला असता, समोर तोंड करून, एकदाच, आणि तिची सुटका झाली असती; पण त्या सांगणार नव्हत्या, कारण त्या तिला ओळखत नव्हत्या. तशी अट होती. आता त्या खरोखर तिच्याकडं बघत होत्या, आणि त्या नजरेत ना आग्रह होता ना माफी, त्या फक्त थांबल्या होत्या, शेजारीण थांबली होती तशाच.

तिला काय विचारलं गेलं होतं ते तिला कळलेलं नव्हतं, आणि समोरच्या दोघींनाही ते माहीत होतं. लाज होती, सगळीच्या सगळी तशीच होती. फक्त ती कुठं लपवायची हे तिला या खेपेस सुचत नव्हतं, आणि सुचावं असं वाटतही नव्हतं.